लेन्स बसली, पण चालेना: कॅमेऱ्याचं जोड-सामान घेताना या चुका टाळा

पहिली ५० मिमीची लेन्स घेतली तेव्हा दुकानात मी ऐटीत म्हणालो होतो, "पन्नासची लेन्स आहे, पन्नासचा फिल्टर द्या." काउंटरमागच्या काकांनी विचारलं, "लेन्सवर काय लिहिलंय?" मी पुन्हा म्हणालो, "पन्नासच." दुकानात पन्नासचा फिल्टर नव्हता, बावन्नचा होता. उन्नीस-बीस चालेल असं ठरवून घेऊन आलो. घरी बघतो तर लेन्सच्या पुढचे आटे ४९ मिमीचे.

ही चूक इतकी सर्रास होते की सुरुवात तिच्यापासूनच केलेली बरी. लेन्सवरचा ५० किंवा १८-५५ हा आकडा फोकल लेंथचा, म्हणजे लेन्स दृश्य किती जवळ किंवा किती रुंद दाखवते त्याचा. फिल्टरचं माप वेगळं असतं आणि ते लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा टोपणाच्या आतल्या बाजूला, गोलावर तिरकी रेघ मारलेल्या चिन्हापुढे छापलेलं असतं. कॅननच्या ५० मिमी एफ/१.८ एसटीएमला ४९चा फिल्टर लागतो, निकॉनच्या ५० मिमी एफ/१.८जीला ५८चा. 'अठरा-पंचावन्न' या एकाच नावाखाली निकॉनच्याच जुन्या व्हीआर लेन्सला ५२चा आणि नंतरच्या एएफ-पी लेन्सला ५५चा. म्हणून माप वाचूनच घ्यायचं, मित्राला विचारून नाही.

फिल्टरचा घोळ थोडक्यात निभावतो. लेन्सच्या बाबतीत तोच घोळ हजारोंत जातो, कारण तिथे फसवणारी गोष्ट अशी की लेन्स बसते! टक्क आवाज येतो, सगळं जागच्या जागी वाटतं, आणि मग फोकसच होत नाही, नाहीतर फोटोचे कोपरे काळे येतात. लेन्स बॉडीवर बसणं, बॉडीशी तिचं बोलणं होणं आणि तिच्या प्रतिमेने सेन्सर (ज्यावर चित्र उमटतं ती चिप) पुरता झाकला जाणं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दुकानात आपण बहुतेक वेळा पहिलीच तपासतो.

'कॅननची लेन्स' असं काही नसतं

कॅननचा ईएफ माउंट, म्हणजे लेन्स बॉडीवर बसवायची खाच, १९८७चा. क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी ईएफ-एस आला २००३ मध्ये, छोट्या मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठी ईएफ-एम २०१२ मध्ये आणि आरएफ २०१८ मध्ये. चौघांवर नाव एकच, पण घरं वेगळी.

ईएफ लेन्स क्रॉप डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) चालते. उलट नाही: ईएफ-एस लेन्सचा मागचा भाग बॉडीत जास्त आत जातो, फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यातला मोठा आरसा त्यावर आपटू शकतो, म्हणून ती तिथे बसूच नये अशी तिची रचना आहे. ओळखायची खूण सोपी, ईएफवर लाल ठिपका, ईएफ-एसवर पांढरा चौकोन. जोर लावून बसवायचा प्रयत्न करणारे मी पाहिले आहेत. करू नका.

इथे एक चकवा आहे. सिग्मा, टॅमरॉन, टोकिना या दुसऱ्या कंपन्यांच्या क्रॉपसाठीच्या लेन्सनाही ईएफचाच माउंट असतो. त्या फुल फ्रेमवर आरामात बसतात आणि मग चित्राभोवती काळं वर्तुळ येतं. तिथे नावातली अक्षरं वाचावी लागतात. सिग्माची डीसी म्हणजे क्रॉप, डीजी म्हणजे फुल फ्रेम. टॅमरॉनची डीआय-टू क्रॉपसाठी, नुसती डीआय फुल फ्रेमसाठी. टोकिनाची डीएक्स आणि एफएक्स तशीच.

निकॉन: मोटर कुठे आहे?

निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा. साठ वर्षांच्या लेन्सा एकाच खाचेत बसतात याचं कौतुक आहेच, पण जुन्या बाजारात सगळ्यात जास्त लोक फसतात तेही याच कौतुकापायी.

जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. बॉडीतली मोटर माउंटमधल्या छोट्या स्क्रूने लेन्स फिरवते. डी७००० पासून पुढच्या डी७००० मालिकेत, डी९० मध्ये, डी७५० मध्ये ही मोटर आहे. डी४०, डी६०, डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत नाही, म्हणजे आपल्याकडे घरोघरी असलेल्या डी३४०० आणि डी५६०० मध्येही नाही. त्यावर ५० मिमी एफ/१.८डी लावली तर फोटो निघेल, प्रकाशही मोजला जाईल, पण फोकस हाताने. पळणाऱ्या पोराचा फोटो काढायला घेतली असेल तर झालं कल्याण. अशा बॉडीला नावात एएफ-एस असलेली लेन्स घ्यावी, इथे ५० मिमी एफ/१.८जी. थोडे पैसे जास्त पडतात, ते मोटरचे समजा.

एएफ-पीची गोष्ट बरोबर उलटी आहे. ही नवी, गुपचूप चालणारी मोटर, आणि अडचण जुन्या बॉडीची. डी९०, डी३१००, डी३२००, डी५१००, डी७००० यांना ती कळतच नाही. रिंगसुद्धा इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे हाताने फिरवूनही उपयोग होत नाही. डी३३००, डी५३०० सारख्या काही बॉडींना फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर चालते. म्हणजे जुनी लेन्स नव्या साध्या बॉडीवर अडते आणि नवी साधी लेन्स जुन्या चांगल्या बॉडीवर. नातेवाइकाची जुनी डी९० आणि ऑनलाइन सेलमधली एएफ-पी ७०-३०० ही जोडी जमायची नाही.

निकॉनच्या झेड माउंटच्या मिररलेसवर गेलात की जुन्या एफ लेन्स लावायला एफटीझेड अ‍ॅडॉप्टर घेतला जातो. निकॉनच्या या अ‍ॅडॉप्टरमध्येही फोकसची मोटर नाही. एएफ-डी लेन्सांचा गठ्ठा घेऊन झेड बॉडीकडे निघालेल्यांनी हे आधी ऐकावं.

अ‍ॅडॉप्टर: जादू नाही, वजाबाकी

"काहीतरी अ‍ॅडॉप्टर मिळेलच की" हे वाक्य मी फार ऐकतो. मिळेल की नाही हे एका आकड्यावर ठरतं: माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर. प्रत्येक लेन्स ठरावीक अंतरासाठी बनवलेली असते. निकॉन एफचं ते ४६.५ मिमी, कॅनन ईएफचं ४४, आरएफचं २०, सोनी ई आणि कॅनन ईएफ-एमचं १८, निकॉन झेडचं १६. लेन्सचं अंतर बॉडीपेक्षा जास्त असेल तर उरलेल्या जागेत अ‍ॅडॉप्टरचं कडं बसवता येतं. कमी असेल तर लेन्स बॉडीच्या आत रुतवावी लागेल, ते शक्य नाही.

म्हणून निकॉन एफची लेन्स अडीच मिमीच्या कड्यावर कॅनन डीएसएलआरला लागते, पण कॅननची लेन्स निकॉन डीएसएलआरला लावायची तर मध्ये काच घालावी लागते आणि चित्र बिघडतं. डीएसएलआरची लेन्स मिररलेसवर नेणं सोपं. परत येणं नाही.

याच वजाबाकीत ईएफ-एमवाले अडकले. ईएफ-एमची एम५० घेऊन यूट्यूब चॅनल चालवणारे कितीतरी जण आरएफच्या आर५० किंवा आर१० कडे वळताना विचारतात, जुनी २२ मिमी चालेल ना? २०ची बॉडी आणि १८ची लेन्स, म्हणजे दोन मिमी आत. नाही चालणार. लेन्स विकून टाका किंवा एम बॉडी जपून ठेवा, तिसरा मार्ग नाही.

अंतर जुळलं तरी कडं 'मुकं' आहे की 'बोलकं' हे बघायचं. स्वस्त कड्यात विजेचे संपर्क नसतात. कॅनन ईएफ लेन्सचं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं, लहानमोठं होणारं भोक) पूर्ण विजेवर चालतं, त्यामुळे मुक्या कड्यावर ते उघडंच राहतं, मिटवून एफ/८ वर न्यायची सोयच नाही. निकॉनच्या जी लेन्सला अ‍ॅपर्चरची रिंग नसते, तिथे निदान रिंगवालं कडं घ्यावं. जुन्या एम४२ माउंटच्या, आट्यांनी फिरवून बसणाऱ्या किंवा रिंगवाल्या लेन्सांना मात्र मुकं कडं पुरतं. फक्त आयबीआयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी बॉडीतली सोय) असलेल्या बॉडीत फोकल लेंथ मेनूत स्वतः भरा. ती चुकीची राहिली तर स्थिरीकरण उलटं फोटो हलवतं, आणि दोष बिचाऱ्या लेन्सला जातो.

पाच फूट मागे जायला जागा आहे का?

पोर्ट्रेटसाठी ५० मिमी उत्तम, हे ऐकून क्रॉप कॅमेऱ्याला ५० मिमी घेतली, तर निकॉनवर ती ७५ आणि कॅननवर ८० मिमीसारखी दिसते. बारशाला हॉलमध्ये दहा जणांचा ग्रुप घ्यायचा तर पाठ भिंतीला टेकते आणि दोन्ही टोकांच्या आत्या बाहेर राहतात. घरातल्या समारंभांना क्रॉपवर २४ किंवा ३५ मिमी जास्त कामाची.

उलट्या बाजूने, फुल फ्रेम निकॉनवर डीएक्स, म्हणजे निकॉनची क्रॉपसाठीची लेन्स चालते, पण बॉडी चित्र कापून घेते आणि २४ मेगापिक्सेलचे साधारण १० उरतात. महागडी बॉडी घेऊन जुन्या क्रॉप कॅमेऱ्याबरोबर आलेल्या किट लेन्सवर भागवण्याचा बेत तिथे फसतो.

भिगवणला निघण्याआधी

रोहित पक्षी जवळ यावेत म्हणून टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसून फोकल लेंथ वाढवणारं भिंग) घ्यायचा मोह होतो. १.४ पट कन्व्हर्टर एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश खातो, दोन पट दोन स्टॉप. १५०-६०० लेन्स ६०० वर एफ/६.३ असते, दोन पट लावला की एफ/१३ च्या आसपास. साध्या डीएसएलआरचा ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंत भरवशाचा, चांगल्या बॉडीचा एफ/८ पर्यंत. म्हणजे होडीत बसून तुम्ही फोकस शोधत बसणार आणि पक्षी उडून जाणार. मिररलेसवर परिस्थिती बरी असते, पण पहाटेच्या उजेडात आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) कुठे जातो ते बघाच. शिवाय कॅननच्या कन्व्हर्टरचा पुढचा भाग लेन्सच्या आत शिरतो, तो मोजक्या लेन्सनाच लागतो. ५५-२५० वर बसतच नाही.

फ्लॅश, बॅटरी आणि बाकी किरकोळ

कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या बॉडींच्या हॉट शूमध्ये (फ्लॅश बसवायच्या खाचेत) मधला संपर्क-ठिपका नाही. एकच मधली पिन असलेले साधे फ्लॅश आणि स्वस्त ट्रिगर (दुरून फ्लॅश पेटवणारी उपकरणं) त्यांवर चालत नाहीत. फ्लॅश बिघडलेला नसतो, निरोपच पोहोचत नाही. त्या बॉडीला कॅननसाठी खास केलेला टीटीएल (लेन्समधून आलेला प्रकाश मोजून उडणारा) फ्लॅश किंवा ट्रिगर घ्या, आणि दुकानातच लावून उडवून बघा. बाबांच्या काळातला फिल्मचा फ्लॅश मात्र कुठल्याच डिजिटल बॉडीवर थेट चढवू नका, त्यातल्या काहींचं ट्रिगर व्होल्टेज दोनशेच्या वर असतं.

बॅटरी नावाने घ्या, आकाराने नाही. एलपी-ई१० आणि एलपी-ई१७ एकमेकींच्या जागी चालत नाहीत. निकॉनच्या ईएन-ईएल१५ घराण्यात झेड बॉडीवर यूएसबीने चार्ज व्हायला 'बी' किंवा 'सी' लागते. मेमरी कार्डवर मोठ्या अक्षरांतला वेग बहुधा वाचण्याचा असतो, व्हिडिओसाठी व्ही३०, व्ही६० हे छोटे आकडे बघा. सीएफएक्स्प्रेस ए आणि बी ही कार्डं आकारानेच वेगळी आहेत. हुड, म्हणजे लेन्सपुढचं बाजूचा प्रकाश अडवणारं नळकांडं, लेन्सच्या मॉडेलप्रमाणे घ्या: टेलेचा लांब हुड वाइडला लावला की पुन्हा तेच काळे कोपरे.

आणलं, आणि चालेना

आधी लेन्सवरची एएफ-एमएफची (आपोआप की हाताने फोकस ही) कळ बघा. हसू नका, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. मग लेन्स काढून पुन्हा, टक्क होईपर्यंत फिरवा. कॅननवर 'एरर ०१' आला तर बॉडी आणि लेन्सचं बोलणं तुटलंय: सोनेरी संपर्क कोरड्या स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. खोडरबर वापरू नका, त्याचा चुरा आत जातो. निकॉनवर 'एफईई' दिसलं तर जुन्या लेन्सची अ‍ॅपर्चर रिंग सगळ्यात मोठ्या आकड्यावर, बहुधा नारिंगी २२ वर, नेऊन लॉक करा. मुक्या कड्यावर शटरच पडत नसेल तर मेनूत 'लेन्सशिवाय शटर' चालू करा. कोपरे काळे असतील तर हुड काढा, मग फिल्टर काढा, आणि तरीही काळे राहिले तर लेन्स क्रॉपची आहे.

मुंबईत बोरा बझारला जुनी लेन्स बघायला जाल तेव्हा तुमचीच बॉडी, भरलेली बॅटरी आणि कार्ड बरोबर न्या. दुकानदाराच्या बॉडीवर ती चालणारच. स्वतःच्या बॉडीवर सगळ्यात रुंद आणि सगळ्यात लांब टोकाला, अ‍ॅपर्चर उघडून आणि मिटवून चार-चार फोटो काढा, आणि मोबाइलचा टॉर्च मागून मारून काचेत बुरशीची जाळी आहे का तेही बघा, कोकणातून आलेल्या लेन्समध्ये विशेषतः.

तो बावन्नचा फिल्टर अजून वापरात आहे, ४९ ते ५२चं कडं घालून. कडं घ्यायला त्याच काकांकडे गेलो होतो. या वेळी लेन्स बरोबर नेली होती.