शाळेत शाडूच्या गणपतीचं वर्कशॉप ठेवताय? आधी या चुका टाळा

श्रावण लागला की फोन सुरू होतात. "ताई, आमच्याकडे पण शाडूच्या गणपतीचं वर्कशॉप घ्या ना, दोनशे मुलं आहेत, एक तास मिळेल, आणि हो, प्रत्येकाचा गणपती पूर्ण झाला पाहिजे हं, पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकायचेत." या एवढ्या बोलण्यात जवळपास सगळ्या चुका आल्या. तरी सुट्या करून सांगते, कारण दरवर्षी त्याच होतात आणि यातल्या बऱ्याचशा मी स्वतःही करून बसलेय.

पहिली म्हणजे वेळ. कोरडी शाडू भिजवून, मळून, हाताला लागेल अशी व्हायलाच वेळ जातो, आणि मळणं हा काही बाहेर उरकून टाकायचा भाग नाही, मुलांची बोटं खरी तिथेच कामाला लागतात. पहिलीदुसरीतल्या मुलांना कणकेसारखी मळायला द्या आणि बघा, सुरुवातीला नुसत्या बोटांच्या टोकांनी टोचतात, मग हळूहळू तळहात, मग मनगट, मग उभं राहून अख्खं अंग टाकतात त्यावर. एका तासात गणपती "पूर्ण" करायचा म्हटलं की हे सगळं कापलं जातं आणि मळलेले गोळे वाटून साच्यात दाबायचा कार्यक्रम होतो. साच्यातून मूर्ती सुबक येते, कबूल, पण मग मुलाने केलं काय? दोन दिवस मागा. पहिल्या दिवशी नुसती माती, गोळे, वळ्या, काय वाट्टेल ते. दुसऱ्या दिवशी मूर्ती. शाळा म्हणते पिरियड नाहीत, तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलेत, सुतार, कुंभार, माळी, कलाकार अशा माणसांकडून शिकण्यासाठीच, त्यातले दोन वापरा की. आणि दोनशे मुलं एकदम नकोच, पंधरावीस मुलांमागे एक मोठं माणूस हवं.

आता दुसरी, आणि ही माझ्या मते सगळ्यात वाईट. मोठ्यांचा हात.

एका शाळेत चौथीतला एक मुलगा गणपती सोडून उंदीरच करत बसला होता. शेपटीची वळी केली, ती तुटली. परत केली, परत तुटली. मग जाड केली, तर उंदीर मागे कलंडायला लागला. मग त्याने काय केलं तर शेपटी अंगाभोवती गुंडाळून पोटाला चिकटवली, तुटायचा प्रश्नच नाही. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही, मी लांबून बघत होते. तेवढ्यात त्यांच्या बाई आल्या, "अरे गणपती कुठंय तुझा, सगळ्यांचे झाले बघ," आणि दोन मिनिटांत स्वतः एक छोटासा गणपती वळून त्याच्यासमोर ठेवला. छान होता हो, खरंच. फोटोत तोच आहे. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने मातीला हातच लावला नाही, म्हणाला "बाई करतील." मी गप्प बसले हे माझं चुकलंच, तेव्हापासून सुरुवातीलाच शिक्षकांना आणि मदतीला आलेल्या पालकांना वेगळा गोळा देते, तुम्ही तुमचा करा, मुलाच्या मूर्तीला हात लावायचा नाही. सोंड वाकडी? असू दे. उंदीर गणपतीपेक्षा मोठा? त्याच्या डोक्यात तो तेवढाच आहे.

याचाच भाऊ म्हणजे टेबलावर ठेवलेला सुंदर नमुना. साधारण नऊदहा वर्षांची मुलं आपलं काम शेजारच्याशी ताडून बघायला लागतात आणि "मला नाही जमत" हे वाक्य तिथून सुरू होतं. नमुना दिसला की अर्धी मुलं त्याची नक्कल करतात, उरलेली हार मानतात. वारलीच्या वर्कशॉपला तर झेरॉक्स वाटतात, आधीच छापलेली माणसं आणि तारपा या वाद्याभोवतीच्या नाचाचा फेर, मुलांनी फक्त पांढरा रंग भरायचा. अहो, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस होतो, एवढं फळ्यावर दाखवा आणि बाजूला व्हा. गेरूत थोडा फेव्हिकॉल घाला म्हणजे कागदावरून रंग हाताला लागत नाही. मुलं रिक्षा काढतील, पाण्याचा टँकर काढतील, काढू द्या. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नात घराच्या भिंतीवर चौक म्हणून बायका जी चित्रं काढायच्या ती कला कागदावर आणली, रोजचं जगणं त्यात काढलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली म्हणजे ठरलेला नमुना गिरवणं नव्हे, हे मुलांना सांगायला एवढी एक गोष्ट पुरते.

मातीच्या तक्रारींवर येऊ, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर मला जास्त मेसेज यांचेच येतात.

"हात गळून पडला", "सोंड सुटली". नुसतं दाबून चिकटवलं होतं ना? दोन्ही बाजूंवर जुन्या कंगव्याने किंवा काट्याने रेघा ओढा, मातीचा दाट घोळ लावा, मग दाबा आणि जोडावरून बोट फिरवा. "माती हाताला चिकटते, आकारच राहत नाही" म्हणजे पाणी जास्त झालं, मुलांना वाटीभर पाणी दिलं की त्याची रबडी होणारच, प्रत्येकाला ओला स्पंज द्या, वाटी नको. "तडे गेले" याचं उत्तर बहुतेक वेळा एकच, लवकर वाळावा म्हणून उन्हात किंवा पंख्याखाली ठेवला. कान आणि मुकुट आधी वाळतात, पोट आतून ओलंच असतं, मग तडकतो. सावलीत ठेवायचा, पहिला दिवस ओलसर सुती कपडा टाकून, आणि चारपाच दिवस तरी घाई नाही, पावसाळी हवेत आठवडाही लागतो. बारीक तडा घोळाने बुजतो. रंग पूर्ण वाळल्यावरच, नाहीतर पापुद्रे निघतात.

बक्षिसांचं. "उत्कृष्ट मूर्ती" पहिला दुसरा तिसरा नंबर काढू नका. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नर्सरीतल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग छापला. मुद्दाम स्केचपेनने रंगवायला आवडणारीच मुलं घेतली. काहींना आधीच कबूल केलं की चित्र काढलंस तर चांदणी आणि रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. एकदोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात ज्यांना आधी कबूल केलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्मा वेळच रंगवत होती. म्हणजे आवड होती ती आपणच घालवली की!

आणि शाळांनो, पत्रकात "एकाग्रता वाढते, गणितात मार्क वाढतात" असलं काही छापू नका. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या २०१३ च्या रिपोर्टमध्ये हे सगळं तपासलंय, वर्गात गोष्ट नाटक करून सादर केली की भाषा सुधारते याला चांगला आधार सापडला, पण चित्रकलेने इतर विषयांचे मार्क वाढतात याला तसा भक्कम पुरावा नाही. मूल तासभर एकाच गोष्टीत बुडून, चुकून, परत करून बघतंय, हे कमी आहे का?

शेवटचं, आणि शिपाई मामांच्या वतीने कळकळीने सांगते, हात बेसिनमध्ये धुवायचे नाहीत! शाडू पाइपात जाऊन बसते आणि नंतर अख्खा मजला तुंबतो. दोन बादल्या ठेवा, पहिलीत हात खळबळायचे, दुसरीत स्वच्छ. रात्रभरात माती तळाला बसते, वरचं पाणी झाडांना घाला, खालची माती कापडावर पसरून जरा आटवा, पिशवीत बांधून ठेवा, पुढच्या वर्षी तीच.