आपला होमरनवाला रुसला की काय करायचं

पहाटे ४.३५ ला कोपरीत आमच्या गल्लीत दोनच घरांत दिवा असतो. एक समोरचे काका, त्यांना पाणी भरायचं असतं. दुसरा मी. लॅपटॉप मिठाच्या बरणीला टेकवलेला आणि आवाज बंद, कारण आतल्या खोलीत आई झोपलेली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७.०५ ला सुरू होणारी बेसबॉलची मॅच उन्हाळ्यात आपल्याकडे याच वेळेला लागते.

हा नाद ऐरोलीतल्या नाइट शिफ्टचा. मेरिलँडमधल्या हॉस्पिटलांची बिलं तपासायचं काम होतं. फोनवरची तिकडची माणसं आधी कालच्या मॅचबद्दल बोलायची आणि मग बिलाबद्दल, म्हणून मीही स्कोअर बघून ठेवायला लागलो. साल २०१३. बॉल्टिमोर ओरिओल्सच्या ख्रिस डेव्हिसने त्या मोसमात ५३ होमरन, म्हणजे थेट कुंपणापार फटके, मारले आणि मी त्याचा झालो. २०१६ च्या जानेवारीत क्लबने त्याच्याशी ७ वर्षांचा, १६ कोटी १० लाख डॉलरचा करार केला. २०१८ मध्ये त्याची सरासरी ०.१६८ होती. म्हणजे हजार वेळा बॅटिंगला आला तर १६८ हिट, आणि हिट म्हणजे चेंडू मारून निदान पहिल्या थांब्यापर्यंत, बेसपर्यंत, सुखरूप पोचणं. पूर्ण मोसम खेळलेल्या कुणाचीही सरासरी त्याआधी एवढी खाली गेली नव्हती. तेव्हा या विषयातला अनुभव माझ्याकडे भरपूर आहे, तो घ्या.

आधी हे समजून घ्या की हा त्रास क्रिकेटपेक्षा वेगळा का आहे. आपला बॅट्समन शून्यावर गेला की पॅड काढून बसतो, आपण दोन शिव्या हासडून कामाला लागतो. बेसबॉलमध्ये तोच माणूस पाऊण तासाने परत येतो. परत हवेत बॅट फिरवतो, परत मान खाली घालून जातो. एका मॅचमध्ये अशा चार-पाच खेपा, आणि मोसमात १६२ मॅच. आमच्या कोपरीच्या टेनिस क्रिकेटमध्ये एखाद्याने तीन चेंडू खाल्ले तर कॅप्टनच बाहेरून ओरडतो, ‘आउट हो रे!’ इथे ती सोय नाही. कराराचे पैसे खेळला काय न खेळला काय, द्यावेच लागतात, त्यामुळे मालक त्याला सहजासहजी काढत नाही. शिवाय उत्तम बॅटरही दहातल्या सात वेळा अपयशी ठरतो. त्यामुळे साधं अपयश आणि खरी घसरण डोळ्यांना सारखीच दिसतात. चिडचिडीचं मूळ तिथे आहे.

म्हणून वही घाला. शंभर पानी, साधी. मी नौपाड्यातून आणतो आणि दर मोसमाला एक. प्रत्येक खेपेला तीनच गोष्टी लिहायच्या. पहिली, सोडायच्या चेंडूला त्याने बॅट घातली का. होम प्लेट, म्हणजे बॅटरच्या पुढ्यातली जमिनीतली पाटी, १७ इंच रुंद आहे. तिच्यावरून, गुडघ्यापासून छातीच्या मध्यापर्यंतच्या उंचीत जाणारा चेंडू खेळायचा, बाकीचा सोडायचा. जमिनीत शिरणाऱ्या चेंडूमागे तो धावत असेल तर ठळक फुली मारा. दुसरी, बॅटला लागलेला चेंडू किती जोरात सुटला. ताशी ९५ मैल म्हणजे साधारण १५३ किलोमीटर किंवा जास्त असेल तर तो कडक फटका धरतात. २०१५ पासून मोठ्या लीगच्या सगळ्या मैदानांत हे मोजलं जातं, मॅच बघताना पडद्यावर आकडा येतो. तिसरी, सरळ वेगवान चेंडूला बॅट उशिरा येतेय का. हा चेंडू पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, हातून प्लेटपर्यंत यायला सेकंदाचे चार दशांश लागतात, वय किंवा दुखापत आधी तिथे दिसते.

निकाल चौथ्या रकान्यात, आणि तोही बारीक अक्षरात. आपण पहिल्यांदा निकाल लिहितो आणि मग त्याच्यावरच रागावत बसतो, म्हणून हा क्रम.

साठेक खेपा होईपर्यंत मत बनवू नका. पंधरा मॅच होतात त्यात. स्ट्राइकआउटचं, म्हणजे चेंडू हुकवत किंवा सोडत तिन्ही संधी घालवून बाद होण्याचं, प्रमाण तेवढ्यात बऱ्यापैकी कळतं, पण होमरनचं नाही, त्याला याच्या दुपटीहून जास्त थांबावं लागतं. मला माहीत आहे, पंधरा मॅच म्हणजे अडीच आठवडे आणि तेवढे दिवस गप्प बसणं कठीण आहे. गप्प बसायला मी सांगतही नाहीये. फक्त ‘संपला हा’ एवढं वाक्य तेवढे दिवस तोंडातून काढायचं नाही.

कारण बॉस्टनचा डेव्हिड ऑर्टिझ. २००९ मध्ये त्याचा पहिला होमरन थेट २० मे रोजी आला, तोवर सगळ्यांनी त्याची तेराव्याची तयारी करून ठेवली होती. मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर २८ होमरन होते. आणि दुसऱ्या बाजूला माझा डेव्हिस. २०१५ पासून त्याचे होमरन ओळीने लिहितो: ४७, ३८, २६, १६, १२. हा जिना खाली जातो हे समजायला वही लागत नाही, प्रेम कमी असावं लागतं. मी तीन वर्षं त्याला ‘दुर्दैवी’ म्हणत होतो. थोडं दुर्दैव होतंही. डावखुरा, फटके बहुतेक उजव्या बाजूला, त्यामुळे समोरची टीम तीन-तीन क्षेत्ररक्षक त्याच बाजूला नेऊन उभी करायची आणि लागलेला कडक चेंडूही अलगद हातात जायचा. २०२३ पासून दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन जण हवेतच असा नियम आला, तोवर हा निवृत्त झाला होता. पण स्ट्राइकआउटला क्षेत्ररक्षण लागत नाही. २०१८ मध्ये त्याचे १९२ स्ट्राइकआउट होते.

आता शिव्यांचा विषय. शिव्या घालाव्यात, पण चुकीला, माणसाच्या कुळाला नाही. पिचरने अप्रतिम चेंडू टाकला आणि तो हुकला, तर चहा प्या. गुडघ्याखालच्या चेंडूला तिसऱ्यांदा बॅट घातली, तर आई झोपलेली असेल तेवढ्या आवाजात बोला. मैदानात बसलेल्यांना मी काय सांगणार, पण २०१८ मध्ये न्यूयॉर्क यँकीजच्या जियानकार्लो स्टँटनला घरच्या मैदानावरच्या पहिल्याच मॅचमध्ये पाच स्ट्राइकआउटवर लोकांनी हुर्यो केली. आधीच्याच मोसमात त्याने ५९ होमरन मारले होते. उलट २०२३ च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियाने, जे गाव हुर्योसाठीच ओळखलं जातं, आपल्या चाचपडणाऱ्या ट्रे टर्नरसाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि त्यानंतर त्याची बॅट चालली. टाळ्यांमुळे चालली असं मी म्हणणार नाही, चालायची वेळ झालीच असेल. टाळ्या वाजवणाऱ्यांची संध्याकाळ मात्र नक्कीच बरी गेली असणार.

पूर्ण मॅच बघत बसू नका. त्याची खेप संपली की पुढचा पाऊण तास मोकळा. त्यात कुकर लावा, अंघोळ करा. २०२३ मध्ये पिचरवर घड्याळ लावल्यापासून, म्हणजे चेंडू टाकायला ठरावीक सेकंदच दिल्यापासून, मॅच पावणेतीन तासांच्या आत आटोपते, त्यामुळे साडेसातच्या आसपास मी ट्रान्स-हार्बरच्या लोकलसाठी मोकळा असतो. लोकलमध्ये विषय काढायचा नाही. ‘बेसबॉल? आपल्याकडे?’ हे ऐकून जास्त संताप होतो.

दैवी उपायांना हसू नका. २०१९ च्या एप्रिलमध्ये आईने एका पहाटे उठून लॅपटॉपवरून मीठ-मोहरी ओवाळून टाकली. ‘तुझ्या त्या डेव्हिडला कोणाची तरी नजर लागलीय.’ डेव्हिस, मी म्हटलं. ‘तोच.’ मी हसलो खरा, पण १९५३ मध्ये ब्रुकलिनच्या एका चर्चमध्ये पाद्रीबाबांनी सांगितलं होतं की आज प्रवचनाला फार उकडतंय, घरी जा, आज्ञा पाळा आणि गिल हॉजेससाठी प्रार्थना करा. हॉजेस ब्रुकलिनच्याच टीमचा बॅटर. आदल्या वर्षीच्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेत, त्याला २१ प्रयत्नांत एकही हिट मिळाली नव्हती, आणि नव्या मोसमातही तो चाचपडत होता. त्या मोसमाअखेर त्याची सरासरी ०.३०२ आणि होमरन ३१. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘बघ, तिकडेही काढतात.’

मीठ-मोहरी डेव्हिसला मात्र उशिरा लागू पडली. दोन मोसम मिळून ५४ प्रयत्न झाले, हिट शून्य. आधीचा नकोसा विक्रम ४६ चा होता. मी शपथ घेतली की आता बघणार नाही, आणि १३ एप्रिलला खरंच बघितलं नाही. त्या दिवशी बॉस्टनमध्ये पहिल्याच इनिंगला त्याने हिट मारली, दोन रन आल्या. म्हणून सांगतो, शपथ घ्यायची तर आठवड्याची घ्या आणि स्कोअरसुद्धा बघू नका. अर्धवट शपथ सगळ्यात वाईट. त्या मोसमात पुढे तो ०.१७९ वर थांबला, तेव्हा फार काही हुकलं असंही नाही.

सोडून कधी द्यायचं? फुल्या आणि उशीर, हे दोन्ही रकाने सलग दोन वह्यांत वाढत गेले तर. एक वाढला, एक तसाच राहिला तर थांबा.

घरात पगाराचा आकडा कधीही सांगू नका. डेव्हिस २०२१ च्या ऑगस्टमध्ये निवृत्त झाला, पण करारातले ४ कोटी २० लाख डॉलर त्याला हप्त्याहप्त्याने २०३७ पर्यंत मिळणार आहेत. मी हे जेवताना बोलून गेलो. आईने वरण वाढता वाढता विचारलं, ‘आणि ते बघायचे तुला किती मिळतात?’

सध्या वहीत दुसरा माणूस आहे. एक्केचाळीस खेपा झाल्या, फुल्या नऊ. नाव सांगत नाही, नजर लागते.