वक्तृत्व स्पर्धेची तयारी : आठवी ते दहावीच्या मुलांसाठी

जुलै संपत आला की स्टाफरूमच्या दाराशी मुलं घुटमळायला लागतात. "बाई, टिळकांवर भाषण लिहून द्या ना." १ ऑगस्टला लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठ्यांची जयंती एकाच दिवशी येते, मग १५ ऑगस्ट, शिक्षक दिन, आणि ३ जानेवारीला सावित्रीबाई. मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवते आणि भाषण लिहून द्यायला मी ठाम नकार देते. पुस्तकं काढून देते, शेजारी बसून ऐकते, चुकलेलं सांगते. पण वाक्यं मुलांचीच हवीत. दुसऱ्याची वाक्यं पाठ केली की सगळा जीव पुढचा शब्द आठवण्यात अडकतो. एक शब्द निसटला की मूल छताकडे बघतं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतं. काय सांगायचंय हे ज्याला पक्कं ठाऊक असतं, त्याला एक शब्द नाही आठवला तर दुसरा सापडतो.

सरावासाठी स्पर्धेची वाट बघू नका. माइक, समोर बसलेली पाचशे मुलं आणि बाजूला उभे शिक्षक, हे सगळं रोज सकाळी परिपाठाला फुकट मिळतं. सुरुवात बातम्यांपासून करा, कारण कागद हातात असतो आणि फक्त आवाजाकडे लक्ष द्यायचं असतं. मग दिनविशेष घ्या आणि तो कागद न बघता सांगा. ६ जानेवारी असेल तर इतकंच : "आज पत्रकार दिन. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं. ते मराठीतलं पहिलं वृत्तपत्र." त्यानंतर बोधकथा. गोष्ट सांगताना पाठांतर लागत नाही, पुढे काय घडलं ते डोळ्यांसमोर असतं. भाषणही तसंच सांगता यायला हवं. परिपाठाला पुष्कळदा तेच ते धीट चेहरे पुढे येतात, हे मला फार खटकतं. तुम्ही मागच्या बाकावरचे असाल तर वर्गशिक्षकांना जाऊन सांगा, "या आठवड्यात बातम्या मला द्या."

आता प्रत्यक्ष भाषण. विषय सावित्रीबाई फुले धरू. बहुतेक भाषणं नायगावला ३ जानेवारी १८३१ रोजी जन्म इथून निघतात, १८४८ च्या भिडेवाड्यातल्या शाळेवरून, अंगावर फेकलेल्या शेणा-दगडांवरून मृत्यूपर्यंत येतात. सगळं खरं आहे. पण एक अख्खा जन्म पाच मिनिटांत मावत नाही, आणि आधीच्या आठ जणांनी तेच सांगितलेलं असतं. म्हणून एकच प्रसंग निवडा आणि त्यात शिरा.

१८९७ चा प्लेग घ्या. पुण्याच्या आसपासची माणसं घरं सोडून रानात राहायला चालली होती. सावित्रीबाईंच्या डॉक्टर मुलाने, यशवंतने, हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला होता. मुंढव्यातल्या गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं तेव्हा सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. इथे थांबून स्वतःला विचारा : हा यशवंत कोण? पुस्तक उघडलंत की कळेल, तो दत्तक मुलगा. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी फुले दांपत्याने १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तिथे आसऱ्याला आलेल्या एका विधवेचा हा मुलगा. म्हणजे जे बाळ या दोघांनी पोटाशी धरलं, तेच पुढे डॉक्टर होऊन प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होतं. हा धागा हाती आला की शाळा, विधवांचे हाल, जातीपातीचा जाच सगळं त्याला धरून आपोआप येतं, आणि प्रत्येक तारीख कशासाठी सांगतोय हे तुम्हालाच कळतं.

मग विषय आपल्या घरापर्यंत आणा. आठवीतल्या एका मुलीला मी म्हटलं, आजीला विचार तिची शाळा कशी सुटली. दुसऱ्या दिवशी ती आजीचं वाक्य जसंच्या तसं घेऊन आली : "धाकट्याला कोन सांभाळनार, म्हनून चौथीतनं काढली." ते वाक्य तिने स्टेजवर आजीच्याच बोलीत म्हटलं आणि मागे गडबड करणारी पोरंसुद्धा गप्प झाली. घरी 'न्हाई', 'व्हतं' बोलणाऱ्या मुलांना भाषणाची भीती जास्त असते, कारण कधीतरी कुणीतरी हसलेलं असतं. तुमची बोली हा दोष नाही. प्रमाण मराठीचा सराव करा, ण, ळ, श मोठ्याने वाचून स्पष्ट करा. पण घरच्या माणसाचं बोलणं सांगायचं असेल तेव्हा ते त्याच्याच शब्दांत येऊ द्या.

माहिती जमली की सगळं भाषण लिहू नका. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच-सहा मुद्दे, प्रत्येकी दोन-तीन शब्दांत. पूर्ण लिहायची ती फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक. ती मात्र झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत. मग आई भाकरी करत असेल तिथे बसा आणि तिला सांगा. ती जिथे "म्हंजे?" विचारेल तिथे तुमचं बोलणं अजून स्पष्ट नाही, तेवढी जागा नीट करा. दर वेळी शब्द थोडे बदलतील. बदलू द्या.

"सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, आज मी आपणांस चार शब्द सांगणार आहे, ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावे ही नम्र विनंती." यात वेळ फुकट जातो. अध्यक्ष, परीक्षक आणि मित्रांना एका वाक्यात वंदन करा आणि थेट मुंढव्याच्या वाटेवर चला. चारोळ्यांची माळही नको. एखादी ओळ खरोखर नेमकी असेल तर ती एक पुरे.

वेळेचं गणित सोपं आहे. समजेल असं बोलताना मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द होतात. पाच मिनिटांची स्पर्धा असेल तर साडेचार मिनिटांचं भाषण बसवा. स्टेजवर घाईत वेग वाढतो, म्हणून घरी मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका आणि कुठे श्वास न घेता पळालात ते बघा. थांबायचं कसं हे शिकायचं असेल तर फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे एके काळचे प्राचार्य, दिवंगत वक्ते शिवाजीराव भोसले यांची व्याख्यानं ऐका, ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. आवाज न चढवता सभा बांधून ठेवता येते हे तिथे ऐकू येतं. आपल्याकडे मुलांना ओरडायला शिकवतात, त्याने घसा बसतो आणि दुःखाचा प्रसंगही घोषणेसारखा वाटतो.

स्पर्धेच्या दिवशी लवकर पोचा आणि कार्यक्रम सुरू होण्याआधी स्टेजवर जाऊन उभे राहून या. उंची कमी असेल तर माइकवाल्या दादांना आधीच सांगा, "माझ्या वेळी स्टँड खाली घ्याल का?" टाचा उंचावून बोलणाऱ्या मुलीचा निम्मा जीव पायांतच असतो. माइक तोंडापासून वीतभर लांब ठेवा. नाव पुकारलं की चालत जा, दोन्ही पाय टेकवून उभे राहा, सावकाश श्वास सोडा आणि मगच तोंड उघडा. पाय थरथरतात, तोंड कोरडं पडतं. ते पहिल्या दोन वाक्यांपुरतं असतं, म्हणूनच ती पक्की करायची. हातांना शिकवलेले हावभाव नकोत. मध्येच काही आठवेना झालं तर माफी मागू नका, शेवटचं वाक्य पुन्हा एकदा सावकाश म्हणा. तेवढ्यात पुढचा मुद्दा येतो.

उत्स्फूर्त स्पर्धेत चिठ्ठी उचलल्यावर थोडाच वेळ मिळतो. तो वाक्यं जुळवण्यात घालवू नका. या विषयाशी जोडलेला, मी स्वतः बघितलेला एक प्रसंग कोणता, आणि त्यावर माझं मत काय, एवढं ठरवा. 'पाणी' निघालं तर टँकरमागे धावणारी आपली गल्ली पुरे.

निकालानंतर बक्षीस मिळो न मिळो, परीक्षकांना गाठा. "माझं कसं झालं?" असं विचारलंत तर "छान" एवढंच ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा, "कुठल्या ठिकाणी तुमचं लक्ष सुटलं?" उत्तर लगेच वहीत लिहून घ्या आणि सोमवारी परिपाठाला तेवढाच भाग पुन्हा सांगा.