कोटेशनं जुळेनात, तेव्हा आधी बोअर मारलं

नवी मुंबईतल्या उलव्यात स्वतःचं घर बांधायचं ठरलं आणि ठेकेदारांची कोटेशनं जमा झाली. एकाचा मेळ दुसऱ्याशी बसेना. जो तो चौरस फुटाचा भाव सांगणार, आणि पाया कसला घालणार विचारलं की, "खोदल्यावर बघू, साहेब." खोदल्यावर म्हणजे खिसा आपलाच!

मग उलट्या बाजूने सुरुवात केली. खाडीलगतची ही भरावाची जमीन, म्हणून आधी माती परीक्षण करून घेतलं आणि मातीचे नमुने काढायचं बोअर खडक लागेपर्यंत नेलं. पिशव्यांतले नमुने पाहिले: वर लालसर मुरूम, त्याखाली बोट रुतेल असा काळा, चिकट गाळ, मधेच शिंपल्यांचे तुकडे. रिपोर्ट बघून आरसीसी कन्सल्टंटने, म्हणजे इमारतीचा सांगाडा ठरवणाऱ्या इंजिनिअरने, पाइल सुचवले, म्हणजे खोलवर जाणारे पायाचे खांब. खर्च वाढला, पण आकडा तरी कागदावर आला.

त्यावरून आर्किटेक्टने बीओक्यू, म्हणजे कामाच्या प्रत्येक बाबीचा आणि मापाचा तक्ता, केला. भराव, कंपाउंड वॉल, पाण्याची टाकी या बाबी वेगळ्या लिहायला लावल्या. नेमक्या याच 'एक्स्ट्रा' म्हणून उगवतात. खारी हवा, म्हणून आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे काँक्रीट किमान एम ३० ताकदीचं आणि सळईवर काँक्रीटचं ४५ मिमी कव्हर, हेही त्यात घातलं.

तोच कोरा तक्ता सगळ्यांना दिला, फक्त दर भरा म्हटलं. सर्वांत स्वस्त वाटणारा चक्क सर्वांत महाग निघाला. काम मधल्या दरवाल्याला दिलं. सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायचा परवाना, हातात आल्याशिवाय कुदळ लावायची नाही, हे त्याला लेखी दिलंय.