काळ्या मातीतील बारमाही फुलझाडे : पावसाळ्यापूर्वीचा सल्ला

नागपुरात मोगरा, जास्वंद, तगर यांसारखी झाडे मे महिन्याच्या उन्हाने मरतात असा समज असला, तरी मुळे धरलेले झाड नियमित पाण्यावर ४५ अंशांचा उन्हाळाही काढते. ते दगावते ते बहुधा जुलै-ऑगस्टच्या झडीत, मुळाशी पाणी साचून. मुळे सडू लागली की पाने कोमेजतात आणि झाड तहानलेले आहे असे वाटून आपण त्याला आणखी पाणी घालतो.

काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली झिरपू देत नाही. अशा जमिनीत खड्डा करून त्यात नुसते शेणखत आणि कोकोपीट भरणे म्हणजे मडके पुरण्यासारखे आहे. आजूबाजूचे पाणी त्या भुसभुशीत भागात उतरते आणि तेथेच थांबते. म्हणून आधी फूटभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशी सकाळीही त्यात पाणी दिसले, तर तेथे फूटभर उंच वाफा करून त्यावर रोप लावावे. वाफ्यासाठी त्याच जागेची तीन घमेली माती, एक घमेले चांगले कुजलेले शेणखत आणि एक घमेले मुरमाड माती एकत्र करावी. मूठभर वाळूने चिकण माती सुधारत नाही. नव्या लेआऊटमधील प्लॉटवर बांधकामाचा मलबा असल्यास तो आधी काढावा, कारण त्यातील चुन्यामुळे एक्झोरा आणि अनंत यांची कोवळी पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडतात. ही दोन झाडे कुंडीतच बरी.

मृगाच्या पहिल्या सरीवर घाई करू नये. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमिनीची धग निघाल्यावर, वाफसा (माती ओलसर पण चिकट नसण्याची स्थिती) आल्यावरच लागवड करावी; मुठीत दाबलेला मातीचा गोळा खाली टाकल्यावर फुटला की वाफसा आला असे समजावे. जास्वंदीच्या शेंड्यांवर मुंग्यांची ये-जा दिसल्यास पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) शोधावा आणि ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. कण्हेर काटक असली, तरी तिचे सर्व भाग विषारी असल्याने लहान मुले किंवा शेळ्या असलेल्या घरी ती टाळावी.

काटोल-नरखेडकडील बागायतदार आंबिया बहारासाठी (हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्यासाठी) संत्र्याला ताण देतात, म्हणजे काही काळ पाणी तोडतात; तसाच तो मोगऱ्यालाही मानवतो. डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून नंतर छाटणी करावी आणि मग खत-पाणी सुरू करावे. यंदा लावलेल्या रोपाला मात्र पहिल्या हिवाळ्यात ताण देऊ नये.