पळस्पे ते कळवा: गावाहून परतताना शेवटचे ४० किलोमीटर

मे महिन्यात कोकणातून परतणाऱ्या चाकरमान्याला कशेडीच्या बोगद्याबद्दल, परशुराम घाटाबद्दल, माणगावच्या कोंडीबद्दल सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. पळस्प्याच्या, म्हणजे पनवेलजवळच्या फाट्याच्या, पुढचं मात्र कुणी बोलत नाही. पनवेलची पाटी दिसली की गाडीतले सगळे चपला शोधायला लागतात. मी एसटीत चालक होतो, ठाण्यात, खोपट डेपोला. आता कळव्यात असतो आणि मुलाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून गावी जातो. सूनबाई म्हणते, बाबांचा पाय अजून ब्रेकवरच असतो. असतो, त्याला कारण आहे. सहा-सात तास चालवून दमलेला माणूस, आंब्याच्या पेट्यांनी दबलेली गाडी आणि कंटेनर-ट्रेलरची अवजड वाहतूक, या तिघांची गाठ याच ४० किलोमीटरमध्ये पडते.

चिपळूण-गुहागरकडून ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोलीकडे येणाऱ्यांसाठी हे लिहितोय. डोंबिवली-कल्याणची मंडळी कळंबोलीपर्यंत सोबत आहेत, पुढे त्यांचा रस्ता वेगळा.

पहिली गोष्ट म्हणजे निघायची वेळ घरून ठरवू नका, कळंबोलीवरून ठरवा. कळंबोलीच्या सर्कलला किती वाजता पोचायचं ते आधी नक्की करा आणि तिथून उलटे तास मोजत गावापर्यंत या. आपल्याकडे उलटं चालतं. आई म्हणते जेवून निघा, काकू म्हणते ऊन उतरू दे, मग दुपारी तीनला गाडी अंगणातून हलते आणि रात्री अकराला ट्रेलरच्या रांगेत उभी राहते.

कामाच्या दिवशी कळंबोलीला साडेअकरा ते तीन या वेळात पोचावं. सकाळी नऊ ते अकरा ठाणे-बेलापूर रस्त्यावर एमआयडीसी आणि महापे-ऐरोलीच्या कंपन्यांची गर्दी असते. रविवारी दुपारी एकच्या आत पोचलात तर उत्तम, कारण त्यानंतर अख्खं कोकण मागून येतं. म्हणजे चिपळुणातून पहाटे साडेचारला निघा. माणगाव आठच्या आत मागे पडलं पाहिजे. बाजार उघडला आणि मुंबईकडच्या गाड्याही आल्या, की त्या गावातून सरकणं कठीण होतं. शाळा सुरू व्हायच्या आधीचा शेवटचा रविवार तर सोडूनच द्या. एक दिवस रजा वाढवा किंवा शनिवारी या.

संध्याकाळची वेळ का टाळायची, त्याचं एक कारण कुणाच्या लक्षात येत नाही. पेणपासून पनवेलपर्यंत रस्ता उत्तरेकडे जातो, सूर्य डाव्या हाताला असतो, त्रास नसतो. कळंबोलीहून बेलापूरकडे वळलात की तोंड सरळ पश्चिमेला. मे महिन्यात सूर्य मावळतो सात-सव्वासातला, म्हणजे सहानंतरचा अर्धा-पाऊण तास तो समोरच्या काचेत असतो. त्यात काचेवर कोकणातली लाल माती आणि दिवसभराचे किडे. पुढच्या गाडीचा ब्रेकलाइट लागलाय की नाही ते कळत नाही. त्या वेळी खारघर-बेलापूरला असणारच असाल, तर काच आधी आतूनसुद्धा पुसून घ्या. आतला तेलकट थर बाहेरच्या धुळीपेक्षा जास्त चमकतो.

आणि रात्र? रात्री रस्ते मोकळे असतात असं म्हणणारे पुष्कळ आहेत. गावाकडे असतील. शहरात अवजड वाहनांना सकाळ-संध्याकाळ बंदी असते, त्यामुळे जेएनपीटी बंदराचे कंटेनर रात्री सुटतात. तळोजा, शीळफाटा, मुंब्रा बायपास हा सगळा पट्टा तेव्हा त्यांचा. रात्री दहानंतर कळंबोलीला येणारी कार म्हणजे म्हशींच्या कळपातली शेळी.

आता थांब्याकडे येऊ. वडखळ किंवा पेण, दोन्हींपैकी एका ठिकाणी पूर्ण थांबायचं, चालकाने स्टेअरिंग सोडून खाली उतरायचं आणि निदान अर्धा तास परत बसायचं नाही. एसटीत आमची रामवाडीला, म्हणजे पेणजवळच्या स्टँडवर, पाच-दहा मिनिटांत चहा होऊन गाडी हालायची, पण आम्हाला ड्युटीची सवय होती. वर्षातून दोनदा लांब चालवणाऱ्या माणसाला ती नसते. दुसरं कुणी चालवणारं असेल तर बदल इथेच करा, पनवेलला नाही. आमच्याकडे पेणपासून सूनबाई घेते. ती ऐरोलीला नोकरी करते, त्या रस्त्यावरची प्रत्येक लेन तिला पाठ आहे. मुलगा घाटात चांगला, ती गर्दीत चांगली. नवरेमंडळींना हे पचायला जड जातं, तरी करून बघा.

दुसरा चालक नसेल तर सीट मागे टाकून वीस मिनिटं झोपा. गजर लावून, सावलीत, काचा खाली करून. फार वेळ झोपलात तर उठल्यावर अंग जड होतं. झोप येत असताना गाणी मोठ्याने लावणं, काच उघडून वारा घेणं, तोंडावर पाणी मारणं हे सगळं क्षणभराचं आहे. आणि चालकाने वाटेत माशाचं ताट-भात खाऊ नये. सुरमई कुठे पळून जात नाही. त्याला भाकरी, अंडं, नाहीतर पोहे द्या, वर ताक. भात घरी.

थांब्यावर चालकाने गाडीभोवती एक फेरी मारावी. टायरला हात लावून बघा, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर त्यात हवा कमी असेल किंवा ब्रेक धरत असेल. पण तापलेल्या टायरमधली हवा 'जास्त दाखवतेय' म्हणून कमी करू नका. चालून चालून दाब वाढतोच. दाराच्या आतल्या पट्टीवर लिहिलेले आकडे थंड टायरचे असतात. मग काच, आरसे, मागचे दिवे पुसा. मागची काच पिशव्यांनी झाकली गेली असेल तर पिशव्या खाली घ्या. इतका वेळ चाललं, पण आता लेन बदलायच्या आहेत.

खरेदी करायची ती इथेच. पांढऱ्या कांद्याच्या माळा, पेणचे पोह्यांचे पापड, रस्त्याकडेला ठाकर-कातकरी बायका विकतात ती जांभळं-करवंदं, ताडगोळे. हे पुढे मिळणार नाही, आणि मिळालं तरी पळस्प्याच्या पुढे खरेदीला थांबायची जागा नाही. ताडगोळे सोलून घेऊ नका, घरी सोला, नाहीतर सीटचा सत्यानाश होतो.

पेण सोडलं की खारपाड्याला पाताळगंगेचा पूल, मग तारा, मग कर्नाळा. अभयारण्यातल्या वळणांवर माकडं कठड्यावर बसलेली असतात आणि आपलेच लोक त्यांना केळी टाकायला गाडी हळू करतात. तुम्ही करू नका. मागचा डंपर तुमच्या केळ्यासाठी हळू होणार नाही. मुलं कंटाळली असतील तर पुढे शिरढोण येतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. ४ नोव्हेंबर १८४५. आमचा नातू दर वेळी विचारतो आणि मी दर वेळी सांगतो.

शिरढोण गेलं की गाणी बंद, गप्पा बंद, चालकाचा फोन दुसऱ्याच्या हातात.

पळस्पे फाट्यावर गोव्याकडचा रस्ता, जुना पुणे रस्ता आणि जेएनपीटीचा रस्ता एकत्र येतात. तिथून कळंबोलीपर्यंत तुमच्या आजूबाजूला ४० फुटी कंटेनर असणार. त्यात कळंबोलीला पोलाद बाजार आहे, म्हणजे लोखंडाच्या कॉइल आणि सळ्या वाहणारे ट्रेलर. मी मोठी गाडी चालवलेली आहे, म्हणून सांगतो, त्या केबिनमधून काय दिसत नाही ते. चालक उजवीकडे बसलेला असतो, त्यामुळे त्याच्या डाव्या दाराला लागून असलेली कार त्याला जवळजवळ दिसतच नाही. अगदी पुढ्यात घुसलेली छोटी गाडीही बोनेटच्या खाली जाते. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, असं धरा.

ट्रेलर डावीकडे वळताना आधी थोडा उजवीकडे सरकतो. नवखा कारवाला समजतो की त्याने डावी बाजू मोकळी करून दिली, आणि आत घुसतो. मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत, आतून कापत येतात. ती जागा त्या चाकांची आहे. इंडिकेटर असो नसो, वळणाजवळ ट्रेलरच्या डावीकडे जायचं नाही. ओव्हरटेक उजवीकडून, एका दमात. त्याच्या बरोबरीने रेंगाळणं सगळ्यात वाईट. सळ्या बाहेर आलेल्या गाडीच्या मागे तर नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा, हॉर्न वाजवणाऱ्यांना वाजवू दे.

कळंबोलीला निर्णय. नकाशा कधी कधी तळोजा-शीळफाटा-मुंब्रा बायपासवरून ठाण्याला नेतो, चार-पाच मिनिटं वाचतील म्हणतो. डोंबिवली-कल्याणला जायचं असेल तर जा, तुम्हाला तोच रस्ता आहे. ठाण्याच्या माणसाने भर दुपार सोडली तर तिकडे फिरकू नये. किलोमीटरचा हिशोब जुळतो, पण बायपासवर एक ट्रेलर बंद पडला की सगळेच अडकतात आणि मागे वळायला जागा नसते. सायन-पनवेल हायवे धरा. कामोठे, खारघर, बेलापूर, नेरूळ. रस्ता रुंद आहे, अडकलात तरी बाहेर पडायला वाटा आहेत, पेट्रोलपंप आहेत, लहान मुलाला 'आत्ताच लागली' तर सोय आहे. नेरूळ मागे टाकल्यावर ठाण्याची पाटी बघत डावीकडे राहा. पुलांवर चढत गेलात तर थेट वाशीच्या खाडीपुलावर निघाल.

ठाणे-बेलापूर रस्त्याला लागलात की तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे. तुर्भ्याला आंब्याच्या दिवसांत एपीएमसीच्या घाऊक बाजाराकडे जाणाऱ्या टेम्पोंची गर्दी असते. आपण डिकीत जे आणतोय तेच त्यांच्याकडे शेकडो पेट्यांनी असतं, हे बघून सूनबाई दर वर्षी हसते. सरळ उजव्या लेनने निघा.

ऐरोलीला पुन्हा एक फाटा. कळवा-खारेगावला जायचं तर दिघा-विटाव्यावरून, दुसरा सोपा मार्ग नाही. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली संध्याकाळी खोळंबा असतोच आणि वळवाचा मोठा पाऊस झाला तर तिथे पाणी साचतं. मेच्या शेवटी आभाळ भरलेलं दिसलं तर हे डोक्यात ठेवा. घोडबंदर, माजिवडा, पाचपाखाडीवाल्यांनी ऐरोली पुलावरून मुलुंडला जाऊन पूर्व द्रुतगती मार्ग धरावा. ऑक्टोबर २०२४ पासून कारला ऐरोलीच्या टोलनाक्यावर टोल नाही, त्यामुळे जुनी 'टोल वाचवायला कळव्यातून' ही सवय सोडायला हरकत नाही.

घरी पोचण्याआधी एक फोन शेजाऱ्यांना करा, पाणी आहे का विचारायला. उन्हाळ्यात पाणीकपातीचा नेमका दिवस निघाला तर आठ दिवसांचे कपडे आणि घामेजलेली माणसं घेऊन कोरड्या नळासमोर उभं राहावं लागतं. कपात असेल तर पेणलाच दोन कॅन भरून घेतलेले बरे, म्हणून शहाण्याने हा फोन पेणहून करावा.

उतरवताना आधी आंबे. सीएनजी गाडी असेल तर डिकीत सिलिंडर, म्हणून पेट्या मागच्या सीटवर मुलांच्या शेजारी आलेल्या असतात आणि एसीची हवा खाऊन बऱ्या असतात. डिकीत असतील तर दिवसभर तापलेल्या असतात. लगेच वर न्या, झाकण उघडा, पेंढा मोकळा करा, पंख्याखाली पसरा आणि दबलेली फळं बाजूला काढून त्या रात्रीच आमरस करा. फणस गॅलरीत. सोडे आणि सुकट असलेली पिशवी सगळ्यात शेवटी, लिफ्ट रिकामी असताना.

गाडी त्याच रात्री धुवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, हलवायच्या आधी, थंड टायरमध्ये हवा बघा. गावाला जाताना भरल्या गाडीसाठी वाढवलेली असेल तर पट्टीवरच्या रिकाम्या गाडीच्या आकड्यावर आणा, आणि मग ऑफिसला जा.