पार्कात मुलांच्या निसर्ग-इतिहास फेऱ्यांचं काम बघताय? या चुका टाळा

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात शाळेची फेरी आली की सगळ्यांचं लक्ष गाईडकडे, तो बोलतो कसा, त्याला झाडांची नावं किती येतात वगैरे. पण फेरी फसते तेव्हा गडबड बहुतेक वेळा आधीच, नियोजनात झालेली असते, आणि ते काम सुपरवायझरचं. तुम्ही ते करत असाल किंवा नव्याने अंगावर आलं असेल तर हे वाचाच.

पहिली चूक म्हणजे पुढे उभं राहणं. सुपरवायझर गाईडच्या शेजारी उभा राहतो, तिथून सगळं छान ऐकू येतं आणि मागची वीस मुलं एकमेकांच्या पाण्याच्या बाटल्या ओढतायत हे कळतच नाही. शेवटच्या मुलाच्या मागे चाला. तिथे आवाज पोचत नसेल तर गाईडला ओरडायला सांगू नका आणि जंगलात माईक तर नकोच, ग्रुप लहान करा, अरुंद वाटेवर बारा-पंधरा मुलांच्या वर एका गाईडला झेपत नाही. माणसं कमी असतील तर अर्धी मुलं माहिती केंद्रात थांबवा आणि मग अदलाबदल करा.

आता माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. सकाळी झाडं-पक्षी म्हणजे 'निसर्ग', मग बसने पार्कातल्याच कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना नेलं की 'इतिहास', दोन गाईड वेगळे, दोन भाषणं वेगळी आणि मुलांच्या डोक्यात दोन्हीचा काहीच संबंध नाही. अहो, ते भिक्खू याच जंगलात राहत होते! शंभरावर लेणी आहेत तिथे, इसवी सनाच्या आधीपासून साधारण हजार वर्षं माणसं राहिली त्या डोंगरात, आणि ती राहू शकली ती पाण्यामुळे. मोठ्या चैत्यगृहात (प्रार्थनेच्या लेण्यात) दहा मिनिटं कमी द्या पण भिक्खू राहायचे त्या एखाद्या साध्या लेण्याबाहेरच्या, कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यापाशी मुलांना नक्की बसवा. विचारा, पाऊस चार महिने, मग उरलेले आठ महिने ही माणसं पाणी कुठून प्यायची? आणि मग गप्प बसा. गाईडला हे फार जड जातं, तो लगेच उत्तर देऊन टाकतो, तिथे त्याला थांबवणं हे तुमचं काम. एखादं पोरगं वरच्या कातळात कोरलेली पन्हळ बघतं, मग दुसरं, मग सगळी तिकडेच बोट दाखवायला लागतात. तिथून बोलणं सरळ विहार आणि तुळशी तलावांवर आणा. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, याच डोंगरांवरचा पाऊस साठवतात आणि मुंबईला अजून पाणी देतात. झाड, पाऊस, कातळ, भिक्खू, घरचा नळ, एका ओळीत सगळं आलं की नाही?

ऐकीव गोष्टी हा दुसरा रोग. 'पांडवांनी एका रात्रीत कोरली', 'इथून भुयार थेट नाशिकला जातं' असलं काहीतरी उत्साही व्हॉलंटियर ठोकून देतो. पोरांसमोर त्याला झापू नका, पण फेरी संपायच्या आत नीट माहिती मुलांपर्यंत गेलीच पाहिजे, नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर दुरुस्ती टाकून उपयोग नाही. प्रत्येक गाईडला एक सवय लावा, जे सांगशील ते आपल्याला कशावरून कळलं तेही सांग. कान्हेरीत तर पुरावे भिंतीवरच आहेत, ब्राह्मी लेखांत कल्याण आणि सोपाऱ्याच्या दात्यांची नोंद आहे. ९० नंबरच्या लेण्यात पहलवी म्हणजे जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशी लोकांचे, हे ऐकून आठवी-नववीची मुलं हमखास उठून जवळ जातात (जवळ जाऊ दे, हात लावू नका म्हणावं).

बिबट्याचं आश्वासन कधीच देऊ नका. दिसला नाही की मुलांना सगळी फेरीच फुकट वाटते. त्यापेक्षा चितळ आणि माकडं धोक्याची हाक कशी देतात, चिखलात ठसा कसा ओळखायचा हे दाखवा. आणि सुरक्षेचं म्हणाल तर एक लीडर पुढे एक मागे, मूल एकटं मागे राहता कामा नये, पहाटे आणि संध्याकाळी लहान मुलांच्या फेऱ्या ठेवूच नका.

सीझन न बघता जुनंच वेळापत्रक चालवणं ही पण नेहमीची चूक. इथली कारवी, म्हणजे जांभळ्या फुलांचं झुडूप, आठ वर्षांनी एकदम फुलते, २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली, मग मधल्या वर्षी पत्रकात जांभळ्या डोंगराचा फोटो छापून पालकांना का फसवायचं? पावसात कान्हेरीच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा वरचा टप्पा सरळ कापा. आग्या मोहोळ दिसलं तर रस्ता बदला, सेंट-बिंट लावून येऊ नका हे शाळेला आधीच कळवा. आणि सोमवारी पार्क बंद असतं, हे न बघता बस ठरवणाऱ्या शाळा असतात!

पार्काच्या आत आदिवासी पाडे आहेत, तिथल्या घरांचे फोटो काढत मुलांना फिरवू नका, कुणाच्या दारात असं आपण वागतो का. पाड्यावरच्या जाणत्या माणसाला गाईड म्हणून बोलवा, आणि शहरातल्या गाईडला देता तेवढंच मानधन द्या. रानभाज्या, पावसाची चिन्हं, वाघोबा, यावर त्यांच्याइतकं कोण बोलणार.

बरोबर आलेल्या शिक्षकांना काम द्या नाहीतर ते फोनवर जातात. प्रत्येकाला पाच मुलं आणि एक प्रश्न वाटून द्या, बस्स. फीडबॅकच्या फॉर्मवर सगळे 'छान' लिहितात, त्यातून काही कळत नाही. आठवड्याने शाळेला फोन करा आणि मुलांकडून आठवणीने टाक्याचं चित्र काढून मागवा. ज्या चित्रात पन्हळ नाही त्या ग्रुपच्या गाईडबरोबर पुढच्या वेळी तुम्ही स्वतः चाला.